नोकरी सोडून स्वतःची प्रॅक्टिस काढतोय, क्लायंट आणि फी यावर अनुभवी लोकांनी बोला

शिवडीकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकल्यास सांभाळून घ्या.

मी सीए, फोर्टातल्या एका मध्यम फर्ममध्ये बरीच वर्षं नोकरी करतोय. पगार बरा आहे पण पार्टनर करण्याचं गाजर दरवर्षी मार्चमध्ये दिसतं आणि ऑक्टोबरमध्ये गायब होतं. क्लायंटशी बोलणं, नोटिशीला उत्तरं, डिपार्टमेंटला जाणं सगळं मीच करतो, सही मात्र साहेबांची. आता वाटतंय की एवढं सगळं करायचंच तर स्वतःसाठी का नाही. बायकोची नोकरी पक्की आहे, घराचा हप्ता चालू आहे, मुलगी पहिलीत.

प्रश्न असे की सुरुवातीला क्लायंट कुठून आणायचे, आताच्या फर्ममधले दोनतीन जण स्वतःहून म्हणतायत की तू जाशील तिथे आम्ही येतो, ते घेणं बरोबर का. फी कशी सांगायची, मला तर फी सांगतानाच घाम फुटतो. आणि ऑफिस घ्यायचं की घरूनच सुरू करायचं. टॅक्सचं ज्ञान बक्कळ आहे हो, हे बाकीचं कोणी शिकवलंच नाही.

फक्त सीए नाही, वकील, आर्किटेक्ट, डिझायनर, ज्यांचा क्लायंटशी रोज संबंध येतो अशा सगळ्यांनी लिहा.

नोकरीचबरी

पहिला मीच. नका सोडू. महिन्याच्या एक तारखेला मेसेज येतो ना बँकेचा, त्याची किंमत सोडल्यावर कळते. बाकी चालू द्या.

हिशेबनीस

शिवडीकर, गिरगावात माझी प्रॅक्टिस आहे, केस त्यातच पांढरे झाले म्हणून लिहितो, थोडं लांब होईल.

पहिलं म्हणजे कधी सोडायचं ते. सप्टेंबरच्या आत अजिबात नाही. टॅक्स ऑडिटच्या तोंडावर फर्म सोडलीस तर जन्मभर नाव निघेल, आणि आपलं क्षेत्र इतकं छोटं आहे की बीकेसीला आपल्या सीए इन्स्टिट्यूटच्या कुठल्याही सेमिनारला गेलास की चहाच्या रांगेत जुना साहेब पुढे उभा असतो. दिवाळी झाल्यावर सोड. तेव्हा लोक निवांत असतात, नवा माणूस भेटायला वेळ देतात, आणि मार्चपर्यंत तुला हात बसवायला सवड मिळते.

दुसरं, जुन्या फर्मचे क्लायंट. ते स्वतःहून आले तर घेता येतात, तू त्यांच्या मागे जाऊ नकोस. आपल्या १९४९ च्या सीए कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कलम ६ आणि ७ आहेत ते काम मागत फिरणं आणि जाहिरात याबद्दलच. अलीकडे त्यात बदल होत असतात, त्यामुळे जुन्या नोट्सवर जाऊ नकोस, इन्स्टिट्यूटचं ताजं वाच. आणि ऑडिट असेल तर कलम ८ विसरू नकोस, आधीच्या ऑडिटरला लेखी कळवल्याशिवाय काम स्वीकारायचं नाही. तोंडी "साहेबांना सांगितलंय हो" चालत नाही. कंपनीचं वगैरे कायदेशीर ऑडिट असेल आणि आधीच्याची वाद नसलेली फी थकलेली असेल तर ती दिल्याशिवाय घ्यायचंच नाही. हा नियम लोक कटकट समजतात, पण तुझी फी थकेल तेव्हा हाच तुला वाचवेल.

मी तर म्हणतो सोडायच्या आधी साहेबांना स्वतः सांग की अमुक अमुक जण मला विचारतायत, तुमचं काय म्हणणं. निम्म्या वेळा साहेब म्हणतात घे बाबा, त्या छोट्या कामांचा आम्हालाही कंटाळाच आलाय. वर नंतर जास्तीचं कामही पाठवतात. मला पहिली दोन वर्षं जुन्या फर्मनेच अर्धं काम दिलं.

फीचं नंतर लिहितो, क्लायंट बसलाय समोर.

काळाकोट

वकील आहे, सीए नाही, पण जुने क्लायंट नेण्याबद्दल एक भर घालतो. तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये बहुतेक लिहिलं असेल की सोडल्यावर इतकी वर्षं तोच व्यवसाय करणार नाही. ते वाचून घाबरायचं कारण नाही, करार कायदा १८७२, कलम २७, नोकरी संपल्यानंतर धंदाच करायचा नाही अशी अट आपल्याकडे सहसा टिकत नाही. पण ऑफिसच्या सर्व्हरवरून क्लायंटच्या फायली, टॅलीचा डेटा, पासवर्डची एक्सेल पेनड्राइव्हवर घेऊन निघालात तर तो वेगळा विषय आहे आणि तिथे मी तुमच्या बाजूने उभा राहणार नाही :) क्लायंटकडून त्याचा डेटा नव्याने मागून घ्या.

शिवडीकर

काळाकोट, हिशेबनीस, धन्यवाद. पेनड्राइव्हचं बरं सांगितलंत, सगळे तेच करतात ना.

पार्लेकरीण

मी पण सीए, मुलगा झाल्यावर नोकरी सोडली आणि घरूनच सुरुवात केली. ऑफिसचं सांगते. पहिल्या वर्षी भाड्याच्या भानगडीत पडू नका. दादर पार्ल्याला छोटासा गाळा घ्यायचा तरी डिपॉझिट बघून डोळे फिरतात, आणि खरं सांगू का, मसजिद बंदर काळबादेवीचे व्यापारी तुमच्या ऑफिसला येतच नाहीत, तुम्हालाच त्यांच्या पेढीवर जावं लागतं. भाडं डोक्यावर असलं की मग येईल तो क्लायंट घेतला जातो, आणि पहिल्या वर्षी घेतलेला चुकीचा क्लायंट पाच वर्षं पुरतो.

मात्र घरी असाल तर कामाला वेगळा नंबर घ्या. हे मी पोटतिडकीने सांगतेय. माझ्याकडे रात्री साडेदहाला "मॅडम जागे आहात का, जरा एक छोटंसं विचारायचं होतं" असे मेसेज यायचे. ते छोटंसं म्हणजे आईच्या नावावरचा फ्लॅट विकला तर टॅक्स किती लागेल. आता कामाचा फोन सातला ड्रॉवरमध्ये जातो, ३१ जुलै आणि ३० सप्टेंबर या रिटर्न आणि ऑडिटच्या तारखांच्या आधीचे आठवडे सोडून. कोणीही क्लायंट त्यामुळे गेला नाही. उलट लोक सकाळी दहाला नीट प्रश्न लिहून पाठवायला लागले.

अजून एक. नोकरी सोडायच्या आधी घराच्या कर्जाचं काही करायचं असेल, टॉपअप, बॅलन्स ट्रान्सफर, तर पगाराची स्लिप हातात असेपर्यंत करून घ्या. स्वतःचा व्यवसाय म्हटलं की बँक मागच्या दोनतीन वर्षांची रिटर्नं मागते. आणि फर्मची मेडिक्लेम जाते तेव्हा स्वतःची आधीच काढून ठेवा, आईवडिलांची पण.

नोकरीचबरी

बघा, मी म्हटलं नव्हतं.

रेषाकार

इंटिरियर करतो, ठाण्यात. आमच्याकडे फीचा प्रकार तुमच्यापेक्षा भयंकर आहे कारण आमचं काम डोळ्यांना दिसतं आणि प्रत्येकाला वाटतं की हे तर माझा मेव्हणा पण सांगेल. मी काय करतो ते सांगतो. पहिली भेट फुकट नाही, पण ती रक्कम पुढे फीमध्ये वळती करतो. टोकन आल्याशिवाय थ्रीडी नाही. मग टप्प्याटप्प्याने, ड्रॉइंग पक्कं झालं की इतके, सुताराचं काम सुरू झालं की इतके, आणि शेवटचा हप्ता ताबा देण्याच्या आधी, नंतर नाही. ताबा दिल्यावर राहिलेले पैसे म्हणजे गणपतीची वर्गणी, दिले तर दिले.

तुम्हा सीए लोकांचं मला कळतच नाही, रिटर्न भरून झाल्यावर बिल पाठवता. त्याचं काम तर झालं की, तो कशाला देईल!

हिशेबनीस

आलो परत. रेषाकारांनी दुखऱ्या जागीच बोट ठेवलं.

फी सांगताना घाम फुटतो कारण काम ठरलेलंच नसतं. "सीएचं सगळं तुम्ही बघा" असं शेठ म्हणतात आणि आपण आकडा सांगतो. त्या "सगळं" मध्ये दर महिन्याची जीएसटी, टीडीएस, ऑडिट, बायकोचं रिटर्न, मुलाच्या परदेशातल्या शिक्षणासाठी नेटवर्थ सर्टिफिकेट आणि भावाशी वाटणीचा सल्ला, सगळं बसतं. म्हणून आकड्याच्या आधी काम लिहून काढायचं. एक पानाचं एंगेजमेंट लेटर, ते जड वाटलं तर साधा ईमेल. त्यात काय करणार ते लिही, काय नाही करणार तेही लिही, आणि नोटीस आली तर त्याची फी वेगळी हे पहिल्याच दिवशी लिही. नोटीस आल्यावर सांगितलंस तर त्याला वाटतं तू अडवून धरतोयस.

आकडा कसा काढायचा. इन्स्टिट्यूटने शिफारस केलेले फीचे दर आहेत, मोठ्या शहरांचे वेगळे, बंधनकारक नाहीत पण पहिल्यांदा आकडा सांगणाऱ्याला आधार मिळतो. मी स्वतः तास मोजतो. या क्लायंटला महिन्याला माझे किती तास, आर्टिकलचे, म्हणजे हाताखाली शिकणाऱ्या पोरांचे, किती, आणि तो क्लायंट फोन किती करतो. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. टक्केवारीवर फी घेऊ नकोस, रिफंड आला की त्यात इतके टक्के, हे आपल्याला त्याच परिशिष्टातल्या कलम १० ने मनाई आहे, काही ठरावीक अपवाद सोडले तर. शेठ स्वतः देऊ करतील. नाही म्हणायचं.

वसुलीचं. मासिक काम असेल तर मासिक फी, महिन्याच्या सुरुवातीला. रिटर्न अडवून पैसे मागण्याच्या फंदात पडू नकोस, तारीख चुकली तर लेट फी त्याला लागते आणि शिव्या तुला. त्यापेक्षा दोन महिने थकले की तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीलाच लेखी कळव की या महिन्यापासून काम थांबवतोय, दुसरी सोय करा. बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत पैसे येतात.

साकीनाक्याचाशेठ

मी समोरच्या बाजूचा माणूस. इंजिनिअरिंगचा छोटा कारखाना आहे, आधी साकीनाक्याला होता, आता वसईला. तुमच्या चर्चेत क्लायंट म्हणजे कोणीतरी पैसे बुडवणारा राक्षस असल्यासारखा दिसतोय म्हणून लिहितो.

मी आधीचा सीए सोडला तो फीमुळे नाही. नव्याला तर जास्त देतो. सोडला कारण मी फोन केला की दर वेळी नवीन आर्टिकल उचलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून आमचा धंदा काय ते समजवायचं. आणि मोठी गोष्ट म्हणजे जीएसटी पोर्टलवर ईमेल आणि मोबाइल त्यांच्याच अकाउंटंटचा टाकला होता, तो पोरगा नोकरी सोडून गेला, नोटीस आली ती त्याच्या मेलवर पडून राहिली, आम्हाला कळलं तेव्हा मुदत गेलेली. त्यानंतर पहिल्यांदा मी स्वतःचा लॉगिन स्वतःकडे घेतला. माझ्या डिजिटल सहीचं टोकन, ते पेनड्राइव्हसारखं असतं ना, ते पण त्यांच्या टेबलाच्या खणात, बाकी दहावीस लोकांच्या टोकनच्या ढिगात पडलेलं होतं!

नवा सीए काय करतो, महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास स्वतः मेसेज करतो की इतका टॅक्स भरायला लागेल, पैसे तयार ठेवा. बस एवढंच. वीस तारखेला, शेवटच्या दिवशी सकाळी "शेठ आजच भरायचेत" असं ऐकायला लागत नाही. या एका मेसेजसाठी मी त्याला दिवाळीत न मागता फी वाढवून दिली. आम्हाला कायदा कळत नाही, तुम्ही किती हुशार ते आम्ही कसं ओळखणार, आधी सांगितलं की नाही एवढंच कळतं.

पार्लेकरीण

शेठ, हा प्रतिसाद प्रिंट काढून ऑफिसात लावते. शिवडीकर, पहिल्या दिवसापासून नियम करा, पोर्टलवर क्लायंटचाच नंबर आणि क्लायंटचाच मेल. ओटीपी मागायचा त्रास होतो, होऊ दे. टोकन शक्यतो परत द्यायचं, ठेवायचंच असेल तर वहीत सही घेऊन.

शिवडीकर

शेठ, खरंच मोलाचं लिहिलंत. आमच्या फर्ममध्येही तो खण आहे...

एक शंका. बिल कधी काढायचं? वीस लाखांच्या वर उलाढाल गेली की जीएसटी नोंदणी आली. मग बिल काढलं आणि पैसे आलेच नाहीत तर अठरा टक्के मी खिशातून भरायचे?

हिशेबनीस

हो, भरायचे. सेवेचा कर बिल किंवा पैसे, जे आधी होईल तेव्हा लागतो, आणि क्लायंटने बुडवलं म्हणून तो कर परत मिळत नाही. म्हणून आधी प्रोफॉर्मा, म्हणजे नुसतं कच्चं बिल, पाठवतात आणि पैसे आले की टॅक्स इनव्हॉइस. पण काम पूर्ण झाल्यापासून तीस दिवसांत टॅक्स इनव्हॉइस काढावाच लागतो, त्यामुळे हे कायमचं औषध नाही. खरं औषध आगाऊ फी. क्लायंटला हेही माहीत असू दे की बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर त्याने त्या बिलावरच्या जीएसटीचं घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं.

आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घे, आजच, ऑनलाइन आहे, फुकट आहे. फुकटच्या कामाचे पैसे मागणारे एजंट भरपूर आहेत, त्यांच्या साइटवर जाऊ नकोस. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला लागतात, करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. सरकारी पोर्टलवर ऑनलाइन तक्रार करता येते. २०२३-२४ पासून तर आयकरातही आणलं, ४३बी एच म्हणून ज्याचा तेव्हा गाजावाजा झाला होता, मुदतीत दिले नाहीत तर क्लायंटला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. उद्यम नंबर बिलावरच छाप.

रेषाकार

हे आम्हाला पण लागू आहे?? मी आठ वर्षं उगाच फोन करत बसलो.

हिशेबनीस

सेवा देणारेही येतात त्यात. मात्र ज्याचं घर सजवलंत त्या घरमालकाला आयकराच्या वजावटीची भीती नाही, ते हत्यार कंपन्यांच्या ऑफिसांच्या कामाला चालेल. आणि जुन्या बिलांसाठी आज नोंदणी करून उद्या तक्रार असं करायला गेलात तर वाद होतो, काम घ्यायच्या आधीची नोंदणी हवी.

काळाकोट

दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत असते, तेवढं लक्षात ठेवा, लोक संबंध बिघडतील म्हणून थांबतात आणि मग चौथ्या वर्षी माझ्याकडे येतात. चेक बाउन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस.

पण शिवडीकर, खरं सांगायचं तर फीसाठी क्लायंटला कोर्टात खेचणारा सीए मी क्वचित पाहिला. आणि मी स्वतः पण खेचत नाही. आमच्याकडे तर एक आडाखा आहे, पहिल्याच भेटीत जो आधीच्या तीन वकिलांना शिव्या देतो त्याची केस घ्यायची नाही, चौथा आपण.

चाळकरी

सगळं वाचलं. मी सीए नाही, आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, प्रभादेवी. नवीन सीएंनी सोसायटी ऑडिट घ्यावं का यावर कोणी बोललं नाही. आमचा ऑडिटर तरुण आहे, त्याला त्यातूनच बाकीची कामं मिळाली, आमच्याच बिल्डिंगमधले सहा लोक त्याच्याकडे रिटर्न भरतात.

पार्लेकरीण

घ्यावं पण मोजकं. सहकार खात्याच्या पॅनेलवर नाव लागतं, वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत ऑडिट, सप्टेंबरअखेरीच्या आत वार्षिक सभा, म्हणजे सगळं नेमकं रिटर्नच्या धामधुमीत. फी कमी आणि प्रत्येक सोसायटीत एक तरी सभासद असतो जो ऑडिटरच्या घरी फोन करून सेक्रेटरीने रंगकामात किती खाल्ले ते सांगतो. तुम्ही तो नाही ना :) पण लोकांच्या डोळ्यासमोर नाव राहतं हे खरं, आणि जाहिरात न करता ओळख व्हायचा तोच एक सरळ मार्ग आहे.

नोकरीचबरी

बरं आता गंभीरपणे. मी प्रॅक्टिस करून परत नोकरीत आलोय. कामात कमी पडलो असं नाही, क्लायंट होते, पण सत्तर टक्के उत्पन्न एकाच ग्रुपकडून यायचं. त्यांनी मोठी फर्म नेमली आणि मी रस्त्यावर. कोणी सांगितलं नव्हतं की एकच मोठा क्लायंट म्हणजे नोकरीच, फक्त पीएफ नाही. शिवडीकरांनी जे दोनतीन जुने क्लायंट धरलेत त्यातला एखादा असा आहे का ते तपासा.

शिवडीकर

आहे. एक केमिकलवाला आहे, तोच निम्म्याहून जास्त देईल. यावर विचार करतो, तुमचा हा प्रतिसाद सगळ्यात जास्त लागला.

तोपर्यंत, घरी मिसेसशी बोलणं झालं. डिसेंबरअखेर सोडायचं नक्की, साहेबांना दसऱ्यानंतर सांगणार. ऑफिस नाही, घराची आतली खोली. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढतोय. पहिल्या क्लायंटला पाठवायचा मेल लिहिलाय, बघा बरं:

"शेठ, ठरल्याप्रमाणे आम्ही तुमची दरमहा जीएसटी रिटर्न, टीडीएसची तिमाही रिटर्न आणि वर्षाचं आयकर रिटर्न करू. हिशेब लिहिणं तुमच्या अकाउंटंटकडे राहील. खात्याची नोटीस, कर्जाची कागदपत्रं, घरच्यांची रिटर्न याची फी वेगळी, काम सुरू करायच्या आधी कळवू. दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत खरेदी विक्रीचा डेटा आमच्याकडे यावा. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच राहील."

रेषाकार

झकास. पण पैसे किती आणि कुठल्या तारखेला ते लिहिलंच नाहीस की रे!

साकीनाक्याचाशेठ

आणि १० तारखेपर्यंत डेटा आला नाही तर काय ते पण लिहा. मी देतो ते १३ ला.

हिशेबनीस

शेठना विशेष सवलत. शिवडीकर, फी पहिल्याच ओळीत टाक, कामाच्या यादीच्या वर, म्हणजे फोनवर मेल उघडल्याबरोबर दिसेल. आणि केमिकलवाल्याचं काय ठरतं ते इथे कळव.